टॉप रोलरच्या शाफ्टमधला इको : सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी सोलापुरात राहतो आणि धातूंच्या विनाविध्वंस तपासणीचं काम करतो. लेव्हल टू, म्हणजे या कामाच्या प्रमाणपत्राची दुसरी पायरी. वर्षातले बरेच महिने टाक्या, पाइपलाइन आणि वेल्डचे जोड यांत जातात. एप्रिल ते जुलै मात्र साखर कारखान्यांचे. जिल्ह्यात कारखाने इतके आहेत की बंद हंगामात एकाच आठवड्यात पंढरपूर, माळशिरस, मोहोळ आणि अक्कलकोट असा फेरा होतो. पुढे लिहिलेलं प्रकरण त्यांपैकी एका कारखान्यातलं आहे. कारखान्याचं नाव आणि तालुका मुद्दाम गाळला आहे.

कारखाना दिवसाला २,५०० टन गाळपाचा. चार मिल, प्रत्येकीत तीन मुख्य रोलर : टॉप, फीड आणि डिस्चार्ज. रोलर म्हणजे घडीव पोलादाचा शाफ्ट आणि त्यावर गरम करून चढवलेलं बिडाचं शेल. शेल थंड झालं की आवळून घट्ट बसतं. ऊस दाबला जातो तो शेलच्या दातांमध्ये, पण सगळा भार पेलतो शाफ्ट. टॉप रोलरवर दोन्ही टोकांना हायड्रोलिकचा दाब असतो आणि खालून उसाचा थर त्याला वर रेटत असतो, त्यामुळे शाफ्ट वाकायला बघतो. तो फिरत असल्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला चार फेरे धरले तरी १२० दिवसांच्या हंगामात हे सुमारे ६ लाख ९० हजार वेळा घडतं. त्यात शेल आणि शाफ्टच्या फटीत रस झिरपतो. उसाचा रस आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ५ ते ५.५. पोलाद एकीकडून थकतं आणि दुसरीकडून गंजतं.

चीर बहुधा जिथे सुरू होते, ती जागा डोळ्यांना दिसत नाही. शेलची कड संपते तिथून थोडं आत, शेलखाली. रेल्वेच्या आसावर चाक दाबून बसवलेलं असतं तिथेही हीच अडचण असते आणि तिथेही आस अल्ट्रासॉनिकनंच तपासावे लागतात. डाय पेनिट्रंट किंवा चुंबकीय कणांची तपासणी उघड्या पृष्ठभागावर चालते. शेल न काढता त्याच्या पोटाखाली बघायचं, तर आवाजच पाठवावा लागतो.

अडचण

कारखान्याचा पट्टा मार्चमध्ये पडला, म्हणजे गाळप संपलं. एप्रिलमध्ये मिल उघडल्या. पहिल्या मिलचा टॉप रोलर दात नव्यानं पाडायला बाहेरच्या वर्कशॉपमध्ये गेला आणि जूनमध्ये परत आला. मला बोलावणं आलं जूनच्या शेवटी, रोलर पूजनाच्या पाच दिवस आधी. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : हंगामाच्या तयारीत मिल रोलरची पूजा हा कारखान्याचा मोठा कार्यक्रम असतो. संचालक मंडळ येतं, सभासद येतात, रोलरला हार घालून तो मिलमध्ये चढवतात. पूजेसाठी ठरलेला रोलर हाच होता.

मृगाचा पाऊस लांबला होता. दुपारी एक वाजता रोलर मिल हाऊसबाहेर लाकडी ठोकळ्यांवर उन्हात पडलेला. शाफ्टची लांबी चार मीटरच्या आसपास, जर्नलचा, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा, व्यास ३८० मिमी, शेलखालच्या बैठकीचा ४००. आधी शाफ्टच्या टोकावर सरळ प्रोब (आवाज सोडणारा आणि परतलेला टिपणारा भाग) ठेवून दोन मेगाहर्ट्झनं लांबीभर आवाज सोडला. पलीकडच्या टोकाचा इको, म्हणजे तिथून परतलेला आवाज, स्वच्छ आला. बाजूला उभे असलेले चीफ इंजिनिअर म्हणाले, "आरपार जातोय ना? मग झालं."

हे वाक्य मी बऱ्याच कारखान्यांत ऐकलं आहे. आरपार इको येणं म्हणजे शाफ्टच्या गाभ्यात मोठा अडथळा नाही, इतकंच. कडेला १५-२० मिमी खोल गेलेली चीर ४०० मिमीच्या छेदाचा फार तर दोन टक्के भाग अडवते. तेवढ्यानं चार मीटर पलीकडचा इको मंदावत नाही.

मग जर्नलवर ग्रीस लावून ४५ अंशाचा प्रोब घेतला. या कोनातून आवाज शाफ्ट तिरका ओलांडून समोरच्या पृष्ठभागाला भिडतो. तिथे चीर असली, तर पृष्ठभाग आणि चीर यांच्या काटकोनात अडकून तो आल्या वाटेनं परत येतो. जर्नलवरून समोरच्या बैठकीच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर ३९० मिमी. ४५ अंशाला आवाज आडवाही तितकाच सरकतो, म्हणजे इको ज्या जागेचा, ती प्रोबपासून शाफ्टच्या लांबीत ३९० मिमी पुढे. प्रोब शेलच्या कडेपासून ३८२ मिमीवर असताना पडद्यावर इको सर्वांत उंच उठला. हिशोब सोपा होता : कडेपासून आठ मिमी आत.

शेलची कड स्वतःही थोडा इको देते, कारण आवळून बसलेल्या जागी आवाजाचा काही भाग शेलमध्ये शिरतो आणि काही परततो. आठ मिमीचा फरक मी मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिला आणि वहीत लिहिलं, "शेलच्या कडेचा इको." रोलर ठोकळ्यांवर असल्यामुळे परिघाचा वरचा, हाताला येणारा भागच पाहिला होता. क्रेन बॉयलरच्या कामात अडकली होती.

पुन्हा तपासायचं का ठरलं

दोन गोष्टींमुळे.

सवयीनं मी गेल्या वर्षीचा अहवाल मागितला. दुसऱ्या एका एजन्सीनं दिलेला तो कागद एका ओळीचा होता : आयएस ३६६४ प्रमाणे तपासणी केली, उल्लेखनीय दोष आढळला नाही. प्रोब कोणता, कोन किती, गेन (यंत्र परतलेला आवाज किती वाढवून दाखवतं ते) किती, कुठून कुठपर्यंत फिरवला, यातलं काही नाही. आयएस ३६६४ हे अल्ट्रासॉनिक पल्स-इको तपासणीचं सर्वसाधारण मानक आहे. रोलरच्या शाफ्टवर प्रोब कुठे ठेवायचा हे त्यात सापडत नाही, ते तपासणाऱ्यानं ठरवून लिहायचं असतं. गेल्या वर्षी याच जागी इको होता की नव्हता आणि असला तर केवढा, एवढंच मला हवं होतं. त्याचं उत्तर त्या कागदात नव्हतं.

दुसरी गोष्ट मिलच्या जुन्या फिटरकडून कळली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. मी पेटी आवरत होतो तेव्हा ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मालक, ह्या रोलरच्या कडंनं गेल्या सीझनला तांबडं येत होतं. पुसलं की परत यायचं."

"गंजाचं पाणी?"

"पाणी न्हाई. भुकटी. कुंकवात तेल कालवल्यावानी."

घट्ट बसलेले दोन भाग एकमेकांवर अगदी बारीक सरकत राहिले की त्यांच्यातून ही तांबडी भुकटी बाहेर पडते. भुकटी आली म्हणजे चीर आहेच असं नाही, पण चीर जन्मायला हवं ते सगळं तिथे हजर असतं. वहीत लिहिलेलं मी तिथेच खोडलं आणि चीफ इंजिनिअरना सांगितलं, "साहेब, उद्या सकाळी सहाला परत बघतो. क्रेन लागेल. रोलर पूर्ण फिरवायचाय."

ते वैतागले. क्रेन सोडवायची म्हणजे बॉयलरचं काम अर्धा दिवस थांबणार होतं. तरी त्यांनी ती सोडवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

ऊन चढायच्या आत रोलर फिरवता येईल असा ठेवला. या वेळी कॅलिब्रेशनचा ब्लॉक, म्हणजे यंत्र जुळवून घ्यायचा पोलादी तुकडा, रात्रभर रोलरशेजारीच ठेवला होता. आदल्या दिवशी तो गाडीत, एसीत होता आणि शाफ्ट उन्हात. प्रोबच्या पुढे पर्स्पेक्सचा (एक पारदर्शक प्लास्टिक) तिरका तुकडा असतो. तो तापला की त्यातला आवाजाचा वेग घटतो आणि पोलादात शिरणारा कोन वाढतो. २० अंश सेल्सियसच्या फरकानं ४५ चा कोन ४६ च्या आसपास जातो. कानाला हे क्षुल्लक वाटतं, पण ३९० मिमी जाडीवर एका अंशानं इकोची जागा सुमारे १४ मिमी हलते.

गार शाफ्टवर तोच इको प्रोब ३६८ मिमीवर असताना उठला. म्हणजे कडेपासून २२ मिमी आत. खरी कसोटी मात्र पुढची होती, ती मी आदल्या दिवशी घेतली नव्हती. रोलर फिरवत परिघाच्या दुसऱ्या भागात गेलो, तर तिथे ३९० मिमीवर एक बुटका, वेगळा इको मिळाला. तो शेलच्या कडेचा. संशयाच्या भागात परत आलो, तर दोन्ही दिसले : कडेचा बुटका इको त्याच्या जागी आणि २२ मिमी पुढे हा उंच. कोन थोडा चुकला तरी दोघे सारखेच सरकतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. हे अंतर आदल्या दिवशी मोजलं असतं, तर ऊन असतानाही मी फसलो नसतो.

इथे एक सांगायला हवं. आमच्या क्षेत्रात एक ठोकताळा चालतो : इको पूर्ण परिघभर सारखा आला तर तो भागाच्या आकाराचा (कड, पायरी यांचा), एका बाजूलाच आला तर दोषाचा. या शाफ्टवर तो एका बाजूला, परिघाच्या साधारण सहाव्या भागात होता, म्हणून ठोकताळा उपयोगी पडला. पण फिरत वाकणाऱ्या शाफ्टला एकाच वेळी चहूबाजूंनी चिरा सुटू शकतात. तेव्हा "सगळीकडून येतोय म्हणजे काही नाही" असं म्हणून सोडणं धोक्याचं आहे. कडेपासूनचं अंतर मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

खोली किती, हा पुढचा प्रश्न. कारखान्याच्या भंगार यार्डात जवळपास याच व्यासाचा एक जुना मोडका शाफ्ट होता. त्यावर हॅक्सॉनं २, ५ आणि १० मिमी खोल खाचा पाडल्या आणि तोच प्रोब, तोच गेन ठेवून इकोंची उंची जुळवून पाहिली. आमचा इको ५ आणि १० च्या मध्ये, १० च्या जवळ आला. अहवालात मी लिहिलं : अंदाजे खोली ८ ते १० मिमी.

पर्याय

त्याच दुपारी कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. चीफ इंजिनिअरनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "हे मशीन म्हणतंय की तुम्ही म्हणताय?"

"मशीन एवढंच सांगतं साहेब, की आवाज इथून परत आला. चीर आहे असं मी म्हणतोय."

पहिला पर्याय, हायड्रोलिकचा दाब कमी ठेवून हंगाम काढायचा आणि मधूनमधून तपासत राहायचं. तो सगळ्यांना आवडणारा होता आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच होती. हंगामात जर्नल बेअरिंगमध्ये असतं, त्यावर प्रोब ठेवता येत नाही. उघडं राहतं ते फक्त शाफ्टचं टोक, आणि टोकावरून ही चीर दिसत नाही हे आदल्याच दिवशी सर्वांनी पाहिलं होतं. "तपासत राहू" याला काही अर्थ नव्हता. शिवाय दाब कमी केला की बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, साखर जास्त जाणार.

दुसरा, फिलेटजवळ, म्हणजे जर्नल आणि बैठक मिळतात त्या गोलाईजवळ, उकरून वेल्डनं भरायचं. एका संचालकांच्या ओळखीचे वेल्डर तयार होते. शाफ्ट ०.४० टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाचा. एवढ्या जाड तुकड्याला नीट आधी-तापवणी न करता वेल्ड केलं, तर वेल्डच्या काठचं पोलाद काचेसारखं कडक होतं आणि तिथूनच नवी चीर सुटते. आणि चीर तर शेलखाली होती. शेल न काढता तिथे पोचणार कसं? हा पर्याय लवकर संपला.

तिसरा, शेल उतरवून खात्री करायची. यात पक्कं नुकसान होतं. त्याच शेलवर नुकतेच दात पाडून आणले होते आणि त्याचा व्यास अजून दोन हंगाम चालण्याजोगा होता. शेल कापून काढलं की ते भंगार. खाली काही निघालं नाही, तर त्याचा जाब मला द्यावा लागणार होता.

चौथा, रोलर तसाच बाजूला ठेवून शेजारच्या कारखान्याचा त्याच मापाचा जादा रोलर मागायचा आणि नव्या शाफ्टची मागणी नोंदवायची. नव्या घडीव शाफ्टला दोन-अडीच महिने लागणार होते. तो वेळेत आला असता, पण हातात काही दिवस राखून नाही.

बैठकीत बराच वेळ पूजेवर गेला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी त्या चर्चेत पडलो नाही, पण विचारलं तेव्हा एक हिशोब मांडला. हा शाफ्ट जानेवारीत तुटला तर रोलर बदलेपर्यंत निदान दीड दिवस गाळप बंद. म्हणजे जवळपास पावणेचार हजार टन ऊस तोडून फडात, गाड्यांत आणि यार्डात वाळत पडणार. तोडलेल्या उसातली साखर तासातासाला उतरते, वजन घटतं, आणि घटलेल्या वजनाचा तोटा शेतकऱ्याचा. तोडणी मजूर बसून राहणार. शाफ्ट तुटताना मिल हाऊसमध्ये कोण कुठे उभं असेल, हे तर कुणालाच सांगता येत नाही.

काय केलं

कार्यकारी संचालकांनी तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र घेतला. शेजारच्या कारखान्याला त्याच संध्याकाळी फोन गेला. पूजा ठरलेल्या दिवशीच झाली, तिसऱ्या मिलच्या रोलरची. अध्यक्षांना आधी सगळं सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या रोलरची तपासणी झाली आहे ना?" झाली होती, आदल्या दिवशी, पूर्ण परिघभर.

उसना रोलर आला तेव्हा तोही मिलमध्ये चढवण्याआधी तपासला. तो निर्दोष होता, तरी नोंद पूर्ण ठेवली : प्रोब, कोन, गेन, शाफ्टचं तापमान आणि परिघाच्या दर ३० अंशांवर शेलच्या कडेच्या इकोची उंची. पुढच्या वर्षी जो कुणी येईल, त्याला माझ्यासारखा एका ओळीचा कागद हातात घेऊन बसावं लागू नये.

निष्पत्ती

पूजेनंतर आठवड्यानं शेल गॅसनं कापून उतरवलं. शाफ्टची बैठक घासून पुसली, चुंबकीय कणांची फवारणी केली. कडेपासून २२ मिमीवर रेघ उमटली, सुमारे २३० मिमी लांब. अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत उभे होते, काही बोलले नाहीत.

तो भाग कापून चीर उघडली. सर्वांत खोल जागी ती १७ मिमी निघाली. मी ८ ते १० म्हटलं होतं. शेलच्या आवळणीनं चिरेची तोंडं घट्ट मिटलेली होती. अशा मिटलेल्या चिरेतून काही आवाज पलीकडे निसटतो आणि इको बुटका पडतो. हॅक्सॉची खाच उघडी असते, ती सगळा आवाज परतवते. खाचेशी तुलना करून काढलेली खोली खऱ्या चिरेच्या बाबतीत कमीच निघण्याची शक्यता जास्त, हे मला ठाऊक होतं. अहवालात ते लिहिलं नव्हतं. "८ ते १० मिमी" हा आकडा बैठकीत पक्क्या मापासारखा फिरला आणि पहिल्या पर्यायाच्या बाजूनं वापरलाही गेला. "किमान ८ मिमी, प्रत्यक्षात बरीच जास्त असू शकते" असं लिहायला हवं होतं.

चिरेच्या उघड्या पृष्ठभागावर शंखावर असतात तसे वळणदार पट्टे होते. त्यांतले दोन गडद, जुन्या गंजाचे : दोन बंद हंगामांत थांबलेली आणि पुन्हा वाढलेली चीर. गेल्या वर्षी "दोष नाही" असं लिहिलं गेलं, तेव्हाही ती तिथेच होती.

आणखी एक गोष्ट निघाली, ती माझ्या नजरेतून सुटलेली. समोरच्या बाजूला, त्याच रेषेत, दीड-दोन मिमी खोल अशी दुसरी बारीक चीर. दोन मेगाहर्ट्झला ४५ अंशाच्या आवाजाची लहर पोलादात सुमारे १.६ मिमी लांबीची असते. ही चीर जेमतेम तेवढीच खोल. तिच्या इकोची उंची शेलच्या कडेच्या इकोइतकीच असणार आणि त्यातच तो मिसळून गेला. चार मेगाहर्ट्झचा प्रोब घेऊन तोच भाग पुन्हा पाहिला असता, तर लहर निम्मी झाली असती आणि दोन इको वेगळे होण्याची संधी होती. प्रोब पेटीत होता. मोठी चीर मिळाल्यावर मी शोध थांबवला.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणीची वेळच चुकीची होती. मिल उघडल्यावर एप्रिलमध्ये, दात पाडायला पाठवण्याआधी शाफ्ट तपासला असता, तर दात पाडण्याचा खर्च वाचला असता आणि नव्या शाफ्टला पुरेपूर वेळ मिळाला असता. कारखान्यांत तपासणीचा क्रम सगळ्यांत शेवटी येतो, कारण तेव्हा रोलर स्वच्छ असतो आणि हाताशी असतो. मी स्वतः आता एप्रिलनंतर पहिल्यांदा बोलावणाऱ्यांना विचारतो की रोलर वर्कशॉपला गेला का. गेला नसेल तर दुसऱ्या दिवशी जातो.

क्रेन नाही म्हणून परिघाचा एक भाग पाहून मी काम संपवलं होतं, ही दुसरी चूक. त्या भागात चीर आली हा योगायोग होता. ती ठोकळ्यांच्या बाजूला असती, तर मी गेल्या वर्षीसारखाच एक कागद देऊन घरी गेलो असतो.

आणि अण्णांनी पाहिलेली भुकटी हंगामातच कुठेतरी लिहिली जायला हवी होती. ती दिसत होती, पुसली जात होती, पण मिल हाऊसच्या लॉगबुकमध्ये तिच्यासाठी जागाच नव्हती. आता प्रत्येक रोलरच्या दोन्ही कडांसाठी एक रकाना आहे आणि तो पाळीचा फिटर भरतो.

ज्या तुकड्यात ती दुसरी, बारीक चीर होती, तो कारखान्यानं भंगारात टाकला नाही. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून तो स्टोअरमध्ये ठेवला आहे. एप्रिलमध्ये गेलो की स्टोअरकीपर तो न सांगताच बाहेर काढतात, आणि रोलरला हात लावण्याआधी मी चार मेगाहर्ट्झचा प्रोब त्यावर ठेवून बघतो की तो इको मला दिसतोय का.